सपाट तोंडाच्या गोळ्या

आयव्ही हॅथकॉकने रुमालाची गाठ सोडली आणि आतलं रिव्हॉल्व्हर आणि पाच काडतुसं दुकानाच्या काचेवर ठेवली. पितळेवर हिरवट बुरा चढला होता. एकाचं तर बूड पार काळं पडलं होतं.

दुकानदार ऑर्व्हिल टॅकेटने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, एक काडतूस उजेडात धरून फिरवलं आणि परत ठेवलं.

"कुणाची ही?"

"आमच्या ह्यांची. होइट जाऊन नऊ वर्षं झाली. हे रिव्हॉल्व्हर त्याच्याही आधीपासून मोज्यांच्या कप्प्यात पडून होतं. उडतील का हो ही?"

"एखादं उडेल, एखादं नुसतं फुस्स करेल. कोणतं काय करेल ते सांगायला मी काही ज्योतिषी नाही, बाई."

"मग नवी द्या. तुमच्याकडे सगळ्यात जोरदार असतील ती."

ऑर्व्हिल लगेच हलला नाही. सत्तरीचा माणूस, चाळीस वर्षं त्याच काचेमागे उभा. 'सगळ्यात जोरदार' हे शब्द त्याने किती जणांच्या तोंडून ऐकले असतील. पण ते बहुतेक टेचात म्हणणारे पुरुष असायचे. ही बाई काचेची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती.

आयव्हीच्या गावातही बंदुकांचं दुकान होतं. पण तिथला मालक आणि तिचा जावई ब्रेंट दरवर्षी एकत्र हरणांच्या शिकारीला जायचे. म्हणून ती ओझार्कच्या डोंगरातली वळणं घेत चाळीस मैल लांब, कुणी ओळखत नव्हतं अशा या दुकानात आली होती. एकोणसाठ वर्षांची आयव्ही बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. मुलगी शेल्बी मार्चमध्ये तीन वर्षांच्या जूनीला कडेवर घेऊन घरी आली, तेव्हा ब्रेंटने शेल्बीची एक बरगडी मोडलेली होती. न्यायाधीशांनी ब्रेंटला बंदीचा हुकूम बजावला: पाचशे फुटांच्या आत यायचं नाही. त्याने हुकूम मोडला असं दाखवता येईल असं काही केलंही नाही. पण सोमवारी सकाळची फेरी उरकून आयव्ही घरी आली, तर मागच्या दाराच्या कडीचे चारही स्क्रू काढून पायरीवर ओळीने मांडून ठेवलेले. कडी नुसती जागेवर टेकवलेली. आत शेल्बी आणि जूनी झोपलेल्या.

शेरीफच्या माणसाने फोटो काढले. "कुणी केलं ते कळतंय, बाई," तो म्हणाला, "पण सिद्ध कसं करणार?" त्याला यायलाच चाळीस मिनिटं लागली होती.

हे सगळं तिने ऑर्व्हिलला सांगितलं. त्याने मान हलवली, खोके काढले आणि एकेक गोळी तिच्यासमोर उभी केली.

"ही गोल टोकाची. स्वस्त असते, सरावाला बरी. माणसातून आरपार जाते आणि पुढेही जातच राहते. ही पोकळ टोकाची. आत शिरली की फुलासारखी उमलते आणि तिथेच थांबते, असं खोक्यावर लिहिलंय. पण तुमच्या रिव्हॉल्व्हरची नळी बोटाएवढी. तेवढ्या वेगात ही कधी उमलते, कधी नाही."

"मला उमलणं-बिमलणं नको हो. जिने माणूस खाली पडतो ती द्या."

"तसं खोकं मला अजून कुणी विकलेलं नाही." त्याने चष्मा परत कपाळावर चढवला. "घराची भिंत कशाची?"

"ट्रेलर आहे, चाकांवरचं घर. बाहेरून पत्रा, आतून लाकडाची पातळ फळी."

"आणि भिंतीपलीकडे कोण झोपतं?"

 आयव्हीने हा विचारच केला नव्हता. ऑर्व्हिलने एक जुनी पावती उलटी करून पेन्सिल पुढे सरकवली. तिने लांबट चौकोन काढला. मधे स्वयंपाकघर, समोरच्या बाजूला दार. दारासमोर गल्ली आणि गल्लीपलीकडे नॉर्माचा ट्रेलर. नॉर्मा दिवसभर खिडकीशी बसून गोधड्या शिवते. पूर्वेच्या टोकाला शेल्बीची खोली, पश्चिमेच्या टोकाला आयव्हीची. जूनीची छोटी कॉट आयव्हीच्या खोलीत. पश्चिमेच्या भिंतीला लागून मातीचा उंच बांध.

"तुम्ही कुठे उभ्या राहणार होता?"

"शेल्बीच्या दाराशी. तिच्या आणि त्याच्या मधे."

त्याने तिथून सरळ रेघ ओढली. रेघ बोळातून, स्वयंपाकघरातून आयव्हीच्या खोलीत गेली आणि कॉटवर थांबली.

आयव्ही रेघेकडे बघत राहिली. 

"माणसाला थांबवेल अशी प्रत्येक गोळी तुमची फळी कागदासारखी फाडते," ऑर्व्हिल म्हणाला. "कुठलंही खोकं घ्या. तेव्हा आधी कॉट हलवा. सगळ्यांना पूर्वेकडे झोपवा आणि पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहा. मागे बांध आहे, तो गोळी गिळेल. दाराच्या दिशेने उडवायची नाही, काही झालं तरी. तिकडे तुमची नॉर्मा आहे."

दुकानामागे टेकडी खणून केलेली सरावाची जागा होती. त्याने आधी तिला तिने मागितलेल्या जोरदार गोळ्याच भरून दिल्या. पहिल्याच धक्क्याला तिच्या अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. बावीस वर्षं बसचं चाक फिरवून सांधे आखडलेले होते. दुसऱ्या वेळी चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटले. पाचातली एकही समोरच्या ताटलीला लागली नाही.

मग त्याने दुसरं खोकं आणलं. या गोळ्यांना टोकच नव्हतं. कापून काढल्यासारख्या सपाट, काडतुसाच्या तोंडाशी बसलेल्या.

"या नेमबाजीच्या. धक्का कमी. दुकानात येणारे बाप्ये यांना हसतात."

पाचातल्या चार लागल्या. आयव्ही तिथल्या जुन्या टायरवर बसली.

"याने माणूस मरतो का?"

"मरतो. लगेच मरेल असं नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण चुकलेल्या जोरदार गोळीपेक्षा लागलेली ही बरी." त्याने रिकामी काडतुसं गोळा केली. "बाई, तुम्हाला कुणी बहीण-भाऊ नाही का लांब कुठे? उचला दोघींना आणि जा."

"बहीण आहे, कॅन्ससला. पण एकोणीस तारखेला जूनीच्या ताब्याची सुनावणी आहे. वकील म्हणतो, त्याआधी लेकरू राज्याबाहेर नेलं तर ब्रेंट म्हणेल पळवलं, आणि न्यायाधीश ऐकतील." तिने हात पुसले. "राहावं तर हे असं, जावं तर पोर जाते. मी एक्केचाळीस मुलं नेते-आणते हो रोज. बसखाली अजून खारसुद्धा आलेली नाही माझ्या."

 ऑर्व्हिलने खोकं कागदी पिशवीत घातलं.

घरी गोळ्यांचं खोकं टेबलावर ठेवून ती कॉट ओढू लागली, तेव्हा शेल्बी बोळात आडवी उभी राहिली.

"आई, कुणाला मारणारेस तू? जूनीच्या बापाला?"

"कुणाला मारायचं म्हणून नाही आणलं मी."

"मग काय सुपारी फोडायला आणलंस? अगं, तो शांत असला की माझं ऐकतो. मी बोलले तर ऐकेल."

"ऐकतो ना? मग बरगडी काय शिंकताना मोडली तुझी?"

शेल्बीचा चेहरा उतरला. आयव्हीला बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेता आले नाहीत. थोड्या वेळाने शेल्बीने वाकून कॉटचं दुसरं टोक उचललं.

तो शनिवारी आला, सकाळी अकराला, उजेडात. शेल्बी मागे दोरीवर कपडे वाळत घालत होती. आयव्ही शेगडीवरचा राजमा ढवळत होती. समोरचं दार वाजलंच नाही. एका झटक्यात चौकटीतून निखळलं आणि ब्रेंट आत आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. हातात गाडीचं चाक खोलायचा लांब पान्हा.

आयव्हीने एप्रनच्या खिशातून रिव्हॉल्व्हर काढलं. ब्रेंट दारात उभा होता. त्याच्या खांद्यावरून गल्ली दिसत होती, आणि गल्लीपलीकडे खिडकीशी मान खाली घालून बसलेली नॉर्मा. आयव्हीचं बोट चापावर गेलंच नाही.

"ठेवा ते, सासूबाई," तो हळू आवाजात म्हणाला. "मी भांडायला आलो नाही. पोरीला न्यायला आलोय."

त्याचा आवाज ऐकून जूनी शेल्बीच्या खोलीतून अनवाणी धावत आली. "बाबा," म्हणत ती त्याच्या पायांना बिलगली. त्याने तिला उचललं, टेबलाशी बसला, तिला मांडीवर घेतलं आणि पान्हा बशीशेजारी ठेवला.

आठवडाभर तिने मनातल्या मनात ती रेघ हजार वेळा ओढली होती. आता कुठूनही ओढली तरी ती जूनीतूनच जात होती. तिने रिव्हॉल्व्हर परत खिशात टाकलं. 

"जेवलास का?"

ब्रेंटने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग हसला. "वाढा."

तिने राजमा वाढला, मक्याचा पाव कापला. खिडकीतून दिसलं, शेल्बी फोन कानाला लावून, वाकून पूर्वेच्या टोकाकडे सरकत होती. चाळीस मिनिटं, आयव्हीने मनात म्हटलं. चाळीस मिनिटं याला खायला घालायचं. ती दुसऱ्यांदा वाढायला गेली, तिसऱ्यांदा गेली. तो पोरीलाही भरवत होता, प्रत्येक घास फुंकर घालून. हाच माणूस, हेच हात. आयव्हीला ते बघवेना.

वीस मिनिटंही झाली नसतील, तो उठला. "चल, जूनी."

"तिच्या पायात बूट नाहीत," आयव्ही म्हणाली. "बाहेर खडी आहे. दे इकडे, घालते."

तिने हात पुढे केले. त्याने क्षणभर विचार केला आणि पोर दिली.

आयव्ही बोळातून चालत गेली, पळाली नाही. शेल्बीच्या खोलीत शिरून तिने खिटी लावली, खिडकी वर ढकलली. खाली शेल्बी हात वर करून उभीच होती. जूनी रडायला लागायच्या आत आईच्या कडेवर गेली. "पळ," आयव्ही म्हणाली. "नॉर्माकडे नको, वर रानात जा."

शेल्बी पळाली. आणि मागून दारावर पहिला घाव बसला.

"उघडा."

"ब्रेंट, पोर गेली. माझ्या हातात ते आहे. तू घरी जा."

"तुमची छाती नाही तेवढी, सासूबाई. आधी तुम्ही, मग ती. आज मी रिकामा जात नाही."

दुसरा घाव. फळी उभी चिरली आणि पान्ह्याचं टोक आत आलं. आयव्ही पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. बोळ, स्वयंपाकघर, तिची रिकामी खोली, बांध. मधे कुणीच नव्हतं, फक्त तो. तिने अजून एकदा त्याचं नाव घेतलं. तिसरा घाव बसला, फळीतून त्याचा हात खिटीकडे आला, आणि तिने चाप ओढला. तीनदा.

हात मागे गेला. बाहेर काहीतरी भिंतीला घासत खाली बसलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"पाणी द्या हो," तो आतल्या आत बोलल्यासारखं म्हणाला.

तिने दार उघडलं. एक गोळी लागली होती, पोटात, पट्ट्याच्या जरा वर. तिने पान्हा पायाने लांब सारला, दोरीवरून आलेले टॉवेल उचलले आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकून दाबून धरले. पाणी द्यावं की देऊ नये, ते तिला माहीत नव्हतं. तिने ओला रुमाल त्याच्या ओठांना लावला.

"पाय गार पडलेत माझे," तो म्हणाला.

एका हाताने टॉवेल दाबत तिने दुसऱ्या हाताने कॉटवरची जूनीची गोधडी ओढली आणि त्याच्या पायांवर टाकली. शेरीफची माणसं येईपर्यंत ती तशीच बसून होती. त्यांनी तिचे हात टॉवेलवरून सोडवले तेव्हा बोटं सरळ होईनात.

ब्रेंट सोमवारी पहाटे स्प्रिंगफील्डच्या इस्पितळात वारला. सरकारी वकिलाने चौकशी करून फाईल बंद केली. एकोणीस तारखेची सुनावणी झालीच नाही. ऑर्व्हिलने कुठूनतरी बातमी ऐकली आणि एकदा फोन केला. 

शेल्बी जूनीला घेऊन ब्रेंटच्या आईकडे राहायला गेली. जाताना आयव्हीशी एक शब्द बोलली नाही. आयव्हीनेही अडवलं नाही. शाळेने तिला सुट्टी घ्यायला सांगितलं होतं. ती दिवसभर स्वयंपाकघरात बसायची, आणि कुणी दार वाजवलं तरी उघडायची नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी शेल्बी एकटीच आली. उभ्यानेच तिने विचारलं, "तू त्याला जेवायला का घातलंस?"

"वेळ काढायला."

"तेवढ्यासाठीच?"

आयव्हीने टेबलावरून हात फिरवला. "वाढताना मला वाटत होतं," ती म्हणाली, "खाऊन उठेल आणि जाईल. खरंच वाटत होतं गं मला."

शेल्बी खुर्ची ओढून खाली बसली. "मलाही," ती म्हणाली. "दर वेळी."

मग दोघी तिथेच बसून राहिल्या. संध्याकाळी शेल्बी उठली आणि म्हणाली, जूनीला घेऊन येते, तिच्या कपड्यांसाठी कप्पा रिकामा कर.