झ्लाता काय म्हणाली

कॅनडात, सास्काटूनमध्ये, हिवाळ्यात उभ्या गाडीला विजेची वायर जोडून ठेवतात. नाही जोडली तर इंजिन गारठून मरून पडतं.

रुस्लानला पाठवलेल्या मेसेजपुढे एकच टिक येते.

युक्रेनमध्ये, कोनोटोपच्या शाळेत रायिसाबाई इंग्रजी शिकवायच्या. आपल्या हाताखालून गेलेला एकही पोरगा क्रियापदात चुकत नाही, असं त्या अजून म्हणतात.

सावा ट्रॅक्टर चालवायचा. बायको गेल्यावर तो अंगणात नुसता बसून राहू लागला. कुणीतरी त्याला जिल्ह्याच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेलं आणि त्याचं नाव नोंदीवर चढलं. आधी परवाना गेला, मग काम. मग त्याची मुलगी सरकारने नेली. सावा रायिसाबाईंचा भाऊ.

सास्काटूनच्या चर्चच्या तळघरात शनिवारी युक्रेनी बायका जमून करंजीसारख्या व्हारेनिकी वळतात. सारण भरून कडा दाबेपर्यंत कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना कळलेलं असतं.

गुरुवारी झ्लाताने ठरवलं, आज सांगायचं.

रुस्लान तिचा नवरा, रायिसाबाईंचा एकुलता एक. तो आघाडीवर बेपत्ता आहे. मेला असं कुणी म्हणत नाही, जिवंत आहे असंही नाही. सासू, सून आणि नातीला, पोलिनाला, इथे येऊन दुसरा हिवाळा. नव्याने आलेल्यांच्या केंद्रात मेगन नावाची बाई मनाचं ऐकून घेते. झ्लाताची तिच्याकडची ही तिसरी खेप. केंद्र फोनवर दुभाषी द्यायला तयार होतं. रायिसाबाई नको म्हणाल्या, दुभाषी त्या स्वतःच झाल्या.

"फोनवरची बाई कोण, कुठली, आपल्याला काय ठाऊक? शनिवारी तीच पिठात हात घालून आपल्या शेजारी उभी असायची."

"आई, मी एकटी गेले तर नाही का चालणार?"

"एकटी जाऊन काय बोलशील? शाळेत माझा वर्ग टाळायला जर्मन घेतलंस. आता भोग."

मेगनने दार उघडलं. तिघी बसल्या.

मेगन : झोप कशी आहे?
झ्लाता : डोळे मिटले की खंदक दिसतो. तो त्यात पालथा असतो. तोंड चिखलात.
रायिसाबाई : झोप जरा हलकी आहे.

मेगन : जेवण जातंय?
झ्लाता : पोलिनाच्या ताटात उरतं ते खाते. कशालाच चव नाही.
रायिसाबाई : जेवते. इथला ब्रेड आवडत नाही तिला.

मेगन हसली. मलाही नाही आवडत, म्हणाली.

झ्लाता : पोलिनाला शाळेतून आणताना पूल लागतो. मधोमध आलं की माझे हात स्टिअरिंग वळवायला बघतात. कठड्याकडे. पोर मागे गाणी म्हणत असते. काल मी वळवलंच होतं. थोडंसं.
रायिसाबाई :

रायिसाबाईंनी पर्समधून रुमाल काढला. उलगडला, गुडघ्यावर सपाट केला, पुन्हा घडी घातली.

रायिसाबाई : तिला बर्फावर गाडी चालवायची भीती वाटते. पुलावर जास्त.

"पूल आधी गोठतो," मेगन म्हणाली. हिवाळी टायर लावलेत का? नसतील तर इथे एक गृहस्थ आहेत, जुने देतात.

झ्लाताला टायर कळलं.

"नो," ती म्हणाली. "नो टायर." दोन्ही हात वर धरून तिने हवेतलं चाक पकडलं आणि वळवलं. "हँड. माय हँड."

मेगनने रायिसाबाईंकडे पाहिलं.

रायिसाबाई : टायर आहेत म्हणते. वळवताना हात घसरतात. हातमोजे जाड आहेत.

मेगन झ्लाताच्या हातांकडे बघत राहिली. ते अजून हवेतच होते. मग रायिसाबाईंना वगळून, थेट तिच्याकडे बघत, सावकाश तिने काहीतरी विचारलं.

रायिसाबाई : एवढंच आहे का, विचारतेय. की आणखी काही आहे.

हे त्यांनी शब्दशः सांगितलं. सांगताना टेबलाखाली त्यांचा हात झ्लाताच्या गुडघ्यावर आला. त्याने दाबलं नाही, अडवलं नाही. तिच्या कोटाची कड तेवढी त्याने चिमटीत धरली, आणि सोडली नाही.

झ्लाताने हात खाली घेतले.

"येस," ती म्हणाली. "ओके."

बाहेर गाडीपाशी आल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"आधी वायर काढ. नाहीतर खांबासकट ओढून नेशील."

"आई, तोंडून काढायला मला महिना लागला."

"आणि काढून काय मिळवणार होतीस? नोंदीवर नाव. मग परवाना जाणार, बेकरीतलं काम जाणार. पोलिना कुणा परक्याच्या घरी. तिथे ती कुठल्या भाषेत रडणार, सांग मला."

"हे कोनोटोप नाही."

"दवाखाने सगळीकडचे सारखे. उद्या तो आला आणि म्हणाला, आई, माझी पोर कुठाय?"

'आला' हा शब्द दोघींनीही ऐकला. झ्लाताने किल्ली पुढे धरली.

"मग घ्या. तुम्ही चालवा."

"मला कुठे येतं?"

"तेच तर."

शाळा सुटायची वेळ झाली होती. झ्लाता गाडीत बसली. रायिसाबाई नेहमी मागे बसायच्या, त्या आज पुढे बसल्या. पोलिनाला घेऊन परत फिरल्या आणि पूल दिसला, तशी त्यांनी डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, उजवा हात दारावर टेकवला आणि पट्ट्यातून वाकून डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. झ्लाताच्या हातांच्या मधे.

"आजी, तू काय करतेस?"

"गाडी शिकतेय."

"तुला नाही येणार."

"तू गा."

"नाही गाणार. तुम्ही भांडलात."

कठडा सरकत राहिला. झ्लाताच्या बोटांना सासूच्या बोटांचा गारठा लागत होता. तिचे हात आजही वळायला बघत होते. फक्त आता मधे एक म्हातारा हात होता, आणि त्याच्यात किती जोर आहे ते दोघींना माहीत होतं.

शुक्रवारी तसंच. सोमवारी तसंच. रायिसाबाईंना ताप आला तरी त्या कोट चढवून खाली उतरायच्या. पुढच्या भेटीत झ्लाताने सांगितलं, बरं आहे. ते रायिसाबाईंनी जसंच्या तसं पोचवलं.

केंद्राला पहिला फोन रायिसाबाईंनी केला होता, नोव्हेंबरात, स्वतःसाठी वेळ मागायला. नाव विचारल्यावर त्यांनी तो ठेवून दिला.