बारा पक्ष्यांचं घड्याळ

गुरुवारी मास्तरांना कान मिळणार होते, आणि सोमवारपासूनच शिवणबाईंनी धास्ती घेतली होती.

नवऱ्याला ऐकू येणार म्हणून बायकोने धास्ती घ्यावी, हे ऐकायला काही बरं नाही. पण धास्तीचं कारण समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि तासातासाला ओरडत होतं.

मास्तर म्हणजे मशीनमास्तर. पस्तीस वर्षं छापखान्यातल्या मोठ्या यंत्रापाशी उभे राहिले. यंत्र थांबलं तोवर त्यांच्या कानांतून बारीक आवाज कधीच निघून गेले होते. दाराची घंटी गेली, शिट्टी गेली, नळ टपकतोय हे कळणं गेलं. जाड आवाज तेवढा पोचायचा, तोही डाव्या कानाशी तोंड नेऊन सावकाश बोललं तर. मग घरातलं बोलणं आटत आटत चार वाक्यांवर आलं: जेवायला चला, गोळी घेतली का, दार लावा, दिवा घालवा. नवराबायकोच्या चार गोड गोष्टी काय ओरडून सांगायच्या? शेजारी ऐकतात.

बाई घरीच शिवणकाम करायच्या. खिडकीशी मशीन, बाजूला चिंध्यांची पेटी, अंगावर सदा दोऱ्याचे तुकडे. एकदा त्या सहज म्हणाल्या होत्या की घर अगदी मुकं झालंय. मास्तरांनी ते ओठांवरून वाचलं आणि मनात ठेवलं. सात महिन्यांपूर्वी बाईंच्या वाढदिवसाला खोकं आलं. चार दिवस फोनवर डोळे फोडून त्यांनी ते घड्याळ निवडलं होतं. गोल, लाकडी, आकड्यांच्या जागी बारा पक्ष्यांची चित्रं. जाहिरातीत लिहिलं होतं, बारा तास, बारा पक्षी, प्रत्येकाचा खरा आवाज. आणि अंधार पडला की आपोआप गप्प.

"मला नाही, तर तुला तरी ऐकू येऊ दे," मास्तर म्हणाले होते.

आठ वाजता चिमणी ओरडली. चित्रातही चिमणीच होती, त्यामुळे बाई खूश. नऊला चित्र बुलबुलाचं, आणि आवाज? पुन्हा तीच चिमणी, तीही सर्दी झाल्यासारखी. बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं की बिचाऱ्या मास्तरांच्या तोंडाला पानं पुसलीत. तसं सांगायला त्या वळल्या तर मास्तर घड्याळाच्या लाकडावर तळहात टेकून, डोळे मिटून उभे. आतली थरथर हाताला लागत होती.

"बुलबुल कसा बोलतो गं?" त्यांनी विचारलं.

कितीतरी दिवसांनी त्यांनी काहीतरी विचारलं होतं, आणि ते चष्मा कुठे ठेवलाय हे नव्हतं. बाईंनी डाव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगून टाकलं की अरुंद तोंडाच्या बाटलीतून पाणी ओतावं ना, तसा. मास्तर हसले. झालं. दहाला कबुतर आलं, अकराला सुतारपक्षी, बाराला घुबड, आणि एकदा सांगायला बसल्यावर मध्येच उठता येतं थोडंच?

बाईंनी ते पक्षी आयुष्यात धड ऐकले नव्हते. कुठून ऐकणार, मान सदा सुईत! मग त्यांनी ते जिथून मिळतील तिथून आणले. एकचा चंडोल म्हणजे लहानपणी आईने लांबून मारलेली हाक, सुरुवातीला रागाची आणि शेवटी नुसतीच लांबलेली. दोनचा होला म्हणजे झोपेत कूस बदलताना माणूस सोडतो तो श्वास. चारचा खंड्या म्हणजे नवं कापड दोन्ही हातांनी टर्रकन फाडणं. कधी सांगण्यात फरक पडे. मास्तर लगेच म्हणत, काल तर वेगळं सांगितलं होतंस. बाई ठोकून देत की आज त्याची तब्येत ठीक नाही.

दुपारी ऊन खिडकीतून कापडावर यायचं, तिथून फरशीवर, मग भिंतीवर चढून थेट घड्याळापर्यंत. पाय मशीनच्या पायटीवर, डोळे अर्धे मिटलेले, अशा वेळी बाईंना वाटायचं की ते अकरा पक्षी चिंध्यांच्या पेटीत येऊन बसलेत. एकही ओरडत नाही. सगळे माना वळवून बाईंकडे बघतायत, माझा आवाज कोणता, तो मला दे. त्या एकेकाला आवाज देत जायच्या. जाग यायची ती मास्तरांच्या हाकेने, की वाजले बघ, कोण आलं? आणि त्या उठून कानाशी जायच्या. दिवसातून दहा-बारा वेळा. लग्न झाल्या झाल्यासुद्धा त्या इतक्या वेळा त्यांच्या जवळ गेल्या नव्हत्या.

खोक्यात कागद होता, तीस दिवसांत परत करता येईल. एकोणतिसाव्या दिवशी बाईंनी खोकं माळ्यावरून काढलं, पुसलं, आणि परत माळ्यावर ठेवून दिलं.

आणि आता गुरुवारी कानाचं यंत्र बसणार होतं. मास्तरांना पहिल्यांदा काय ऐकायचंय, हे ते गल्लीभर सांगून मोकळे झाले होते. घुबड ऐकायचंय म्हणे.

सोमवारी बाईंनी दुकानाला फोन लावला. तिथल्या गोड आवाजाने तीस दिवस उलटल्याचं तीन वेळा सांगून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मंगळवारी त्या ग्राहक मदत केंद्रात गेल्या. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, भिंतीला लागून फायली, आणि टेबलामागे एक मदतनीस बाई. तिच्या बाहीची शिवण उसवली होती. शिवणबाईंची नजर काही त्या बाहीवरून हटेना.

मदतनीस मात्र कामाची पक्की निघाली. तिने सांगितलं की तीस दिवस असतात ते मन बदललं तर, रंग आवडला नाही तर. इथे गोष्ट वेगळी आहे. बारा सांगून एक दिला, म्हणजे सांगितलेली वस्तू दिलीच नाही. त्याला दुकान बांधील आहे, तीस दिवस गेले म्हणून सुटत नाही, आणि तक्रारीची मुदत अजून आहे. बदलून मागा, नाहीतर घड्याळ देऊन पैसे परत घ्या. पावती आणि जाहिरात तेवढी जोडा. शिवणबाईंच्या जिवात जीव आला. पण मग मदतनिसाने विचारलं की खरेदी कुणाच्या नावावर आहे. ह्यांच्या, म्हटल्यावर ती म्हणाली की मग तक्रारही त्यांनीच करायची, सही त्यांचीच लागेल. आणि नवीन घड्याळ यायला काही आठवडे तरी जातील.

अर्जातल्या शेवटच्या रकान्यात छापलं होतं, दोष प्रथम केव्हा लक्षात आला?

"पहिल्याच दिवशी," बाई बोलून गेल्या.

मदतनिसाचं पेन थांबलं. "मग सात महिने काय करत होतात?"

 बाईंनी पिशवीतून सुईदोरा काढला, त्या बाहीला तिथल्या तिथे चार टाके घातले आणि कोरा अर्ज घेऊन घरी आल्या.

बुधवारी त्यांनी कापड बेतायच्या कागदावर मास्तरांची सही गिरवून पाहिली. सातवी सही इतकी हुबेहूब जमली की त्यांनाच भीती वाटली. सात महिने पक्षी खोटे, आता नाव पण? त्यांनी कागद चुरगळून टाकला.

गुरुवारी मास्तर कानाच्या डॉक्टरांकडे गेले आणि बाईंनी स्टुलावर चढून घड्याळातले सेल काढले. सांगू, बिघडलं. साडेअकराला मास्तर आले ते दबकत, लहान मूल नवे बूट घालून चालतं तसे. पिशवीचा चुरचुर आवाज ऐकून त्यांनी ती चारदा चुरगळली. आणि मग ते घड्याळाखाली जाऊन उभे राहिले, तळहात लाकडावर ठेवून, पहिल्या दिवशी राहिले होते तसेच. बारा वाजायची वाट बघत.

बाईंना ते बघवलं नाही. घड्याळ बंद पडलंय असं पुटपुटत त्यांनीच सेल परत घातले, काटे जुळवले आणि जाऊन मशीनशी बसल्या. सुईत दोरा जाईना.

बाराला चिमणी ओरडली. मास्तरांनी घुबडाच्या चित्राकडे पाहिलं.  मग तिथेच बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. एकला चिमणी ओरडली, आणि त्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं.

बाईंनी अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि पहिल्या दिवशीच्या नऊपासून सगळं सांगितलं. एकोणतिसावा दिवस, गिरवलेली सही, चोरलेले सेल, काही लपवलं नाही.

"सात महिने मला वेड्यात काढलंस," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी गल्लीत सांगत फिरलो, होला कसा बोलतो ते."

"हो," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. "तुम्ही विचारत होतात, मी सांगत होते. त्याआधी आपण बोलत कुठे होतो? मला घड्याळाची भीती नाही हो. आता तुम्हाला सगळंच ऐकू येणार. मग माझ्यापाशी काय विचारायला येणार तुम्ही?"

मास्तर उठून खिडकीशी गेले. दोनला चिमणी ओरडली, ती दोघांनीही ऐकून घेतली. तीनच्या आधी केव्हातरी ते टेबलाशी येऊन बसले. छापखान्यातल्या माणसाचं अक्षर, सुटं आणि ठसठशीत. लिहायला त्यांना पाऊण तास लागला. मग अर्ज बाईंकडे सरकवून ते पाणी प्यायला गेले.

बाईंनी वाचला. दोष केव्हा लक्षात आला, यापुढे लिहिलं होतं: आज, दुपारी एक वाजता. मागणी काय, यापुढे: घड्याळ बदलून द्यावे, बारा सांगितले तर बारा द्यावेत, हा आमचा हक्क आहे. खाली सही. आणि सहीच्या खाली, जिथे काही लिहायचं नसतं त्या जागेत, बारीक अक्षरांत:

'घड्याळात एकच पक्षी निघाला. बाकीचे अकरा सात महिने माझ्या बायकोने म्हटले. घड्याळ केव्हाही परत न्या. अकरा पक्षी परत मिळणार नाहीत, ते तुमच्या दुकानाचे नव्हते.'

बाईंनी ते दोनदा वाचलं, आणि मग अक्षरं दिसेनाशी झाली. ऊन भिंतीवर चढून घड्याळापाशी आलं होतं. चार वाजले. चिमणी ओरडली. मास्तर पाण्याचा पेला घेऊन दारात उभे होते. त्यांनी तिला पूर्ण ओरडू दिलं.

"ही चिमणी झाली," ते म्हणाले. "आता खंड्या सांग."

बाई उठल्या, सवयीने डाव्या कानाशी गेल्या आणि सवयीनेच जोरात सुरुवात केली. मास्तर दचकले, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"अगं, हळू," ते म्हणाले. "ऐकू येतंय आता."

मग बाईंनी हळू सांगितलं, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू. आता लांबून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्या तिथून हलल्या नाहीत, आणि मास्तरांनीही कान बाजूला घेतला नाही.