सातकिनचा अर्धा आवाज

उद्या ताअलायची नवरी घरात येणार होती, आणि त्याच्या आईने, बुरुलने, अर्ध्या आत-बाशी गावाला सांगून ठेवलं होतं की सुनेला आशीर्वाद सासराच देईल. सासरा सातकिन जाऊन तीन वर्षं झाली होती. पण आठ वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या, जिपारच्या, लग्नात त्याने दिलेला आशीर्वाद घरच्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो लावून देण्याचं काम जिपारच्याच गळ्यात पडलं. ती शाळेत गणित शिकवते, म्हणजे कॉम्प्युटरही येत असणारच, असा गावाचा ठाम समज.

दुपारी तिने कॉम्प्युटरवरचा भरतकामाचा रुमाल काढला आणि व्हिडिओ लावला. नुसतं गाणं वाजलं, पडदा काळाकुट्ट. तिने फोनवरून इंटरनेट जोडलं, व्हिडिओ चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात पाऊण तास गेला. मग एकदाचं चित्र आलं. पांढरी उंच टोपी घातलेले बाबा उभे राहिले, तळवे वर केले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज मात्र मागे कोमूझच्या तारा जुळवत बसलेल्या वादकांचा.

चुलीवर तेल तापत ठेवून बुरुल दारात येऊन उभी होती. सवयीने तिचेही पिठाचे हात वर गेले, आणि तसेच खाली आले.

"काय मागितलं तेच कळलं नाही. तसं होवो म्हणून ओमीन कशाला म्हणू?"

"थांब गं, आवाज वाढवते."

"उद्या पाव्हण्यांनाही असंच थांबवणार आहेस का?"

जिपारने आवाज पूर्ण वाढवला. वादक कान फोडू लागले, बाबा मुकेच. तिने सेटिंग उलटीसुलटी करून पाहिली, वायर काढून पुन्हा घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. हेडफोन ताअलाय घेऊन नारिन शहरात गेला होता. शेवटी तिचा धीर सुटला. आई उद्या साठ माणसांसमोर तोंडघशी पडणार, आणि तीही आपल्यामुळे, या विचाराने तिला रडूच यायला लागलं. तिने लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एसेनबेकला फोन लावला.

"ताई, आवाज आहे, मी पैजेवर सांगतो," तो म्हणाला. "गाणाऱ्यांची वायर मी उजव्या बाजूला घेतली होती आणि कॅमेऱ्याचा माइक डाव्या. माणसं सगळी डावीकडे बोलतात. तुमचा डावा स्पीकर वाजतोय ना?"

जिपारने पाहिलं. टेबलावर एकच स्पीकर होता.

"आई, दुसरा कुठंय?"

"मेंढ्यांपाशी," बुरुल म्हणाली, जणू स्पीकरची जागा तिथेच असते. "यांनीच नेला नव्हता का, त्या वर्षी लांडगे उतरले तेव्हा. बॅटरीच्या रेडिओला जोडलाय. रोज संध्याकाळी मी बातम्या लावते, लांडगा फिरकत नाही."

"आणि मी दुपारपासून कॉम्प्युटरला शिव्या घालतेय."

"तू आवाज नाही म्हणालीस. स्पीकर कुठंय असं कुठं विचारलंस?"

जिपार चिखल तुडवत गोठ्यात गेली. खिळ्याला टांगलेल्या स्पीकरवर लोकर आणि लेंड्यांची धूळ बसली होती. वायरीचा जोड बाबांच्या हातचा, निळ्या चिकटपट्टीचा. तिने तो नखाने हळूच सोडवला. मग तिने स्पीकर कोकरासारखा पोटाशी धरून घरात आणला, पुसला, जोडला, आणि व्हिडिओ थोडा मागे घेऊन लावला.

डावीकडून आधी कपबशा वाजल्या, मग कुणीतरी खोकलं. मग सातकिनचा खरखरीत, जरासा वैतागलेला आवाज आला.

"बुरुल, किटली ठेव ती खाली. सकाळपासून उभी आहेस. तू बसल्याशिवाय मी सुरू करायचा नाही."

दारातली बुरुल मुकाट्याने आत आली आणि गादीवर बसली.

"हं," पडद्यावर सातकिन म्हणाला, आणि त्याने तळवे वर केले. पाऊल पडेल ते घर भरलेलं राहो, चूल विझू नये, आल्यागेल्याला भाकरी कमी पडू नये. एकेक शब्द स्पष्ट आला.

"ओमीन," बुरुल म्हणाली आणि तिने चेहऱ्यावरून हात फिरवले. गालांना पीठ लागलं, ते ओलं झालं. तेल करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

"उद्या मला आधीच बसव गं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पाव्हण्यांसमोर यांची बोलणी नकोत."