दुसऱ्या कांडीचा वास

मित्रांनो, मी बाभुळगावजवळच्या एका घरातली जुनी काचेची बरणी. आंब्याचे लोणचे सांभाळण्यात माझी उमर गेली. पण एक अपराधही माझ्याच पोटात घडला, आणि तो सांगितल्यावाचून मला चैन पडत नाही.

त्या वर्षी कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन गावोगावची माणसे दवाखान्यात पोचली. आमच्या घरचा धनी उकंडाही. तो घरी परतला, पण डोळे अधू राहिले. समुद्राच्या पाण्यातून बिनधुराचे इंधन निघते, असे नववीतल्या त्याच्या मुलीने, मोनालीने वाचले होते. सहा डिसेंबरला तिची आई इंदूबाई चैत्यभूमीला गेली, ती दादरच्या समुद्राचे पाणी बाटलीत भरूनच आली.

मला घासून माझ्यात ते पाणी ओतले. जुन्या सेलमधल्या दोन काळ्या कांड्या उभ्या केल्या आणि फवारणी पंपाची बॅटरी जोडली. एका कांडीवर नळी उपडी घातली, तिच्यात ते इंधन, म्हणजे हायड्रोजन वायू, साचू लागला. दुसरी उघडीच होती. तिथून नुसता ऑक्सिजन निघतो, असे मोनालीला वाटले. खाऱ्या पाण्यातून विषारी क्लोरीनही निघतो, हे मला कळत होते. पण बरणीला तोंड असते, वाचा नसते.

वाऱ्याने आगकाडी विझते म्हणून मोनालीने दार लावले. नळीपाशी काडी नेताच ‘फट्’ झाले.

"बाबा, आयकलं का? हायड्रोजन!"

उकंडा कौतुकाने जवळ सरकला. मीही फुशारले. तेवढ्यात त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"इंदू, दार उघड. मले पुन्हा फवारणी लागली," तो चाचपडत म्हणाला.

"फवारणी नाही जी, बरणीतून वास येऊन राह्यला," म्हणत इंदूबाईने त्याला अंगणात नेले.

दोन दिवस त्याला उजेड सोसला नाही. मोनाली जेवली नाही. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही, आणि ते बरोबरच होते.

पुढे तालुक्याच्या प्रदर्शनात माझ्यामागे ‘स्वच्छ इंधन’ असा तक्ता लागला. परीक्षकांनी वाहवा केली. मोनालीने मात्र उघड्या कांडीवर बोट ठेवले.

"सर, इथून क्लोरीन निघते. मले माहीत नव्हतं. माह्या बाबाचे डोये झोंबले."

हातचा नंबर गेला. काळा चष्मा लावून मागे उभ्या असलेल्या उकंडाने मला उचलले आणि घरापर्यंत छातीशी धरून आणले. त्या वाटेइतकी लाज मला कधी वाटली नाही.

मित्रांनो, कोणी एखाद्या गोष्टीला स्वच्छ म्हटले, तर तिची दुसरी बाजूही पाहा. आणि त्या बाजूला कोण बसले आहे, ते आधी पाहा.