पिनांची भोकं

“आवाज आला तेव्हा मी आधी फळीकडे बघितलं,” सुतार म्हणाला. “वाटलं, लाकूडच तडकलं.”

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. गुडघ्यातला नवा सांधा जागच्या जागी होता. त्याच्या वर, मांडीच्या हाडात, तिरकी चीर गेली होती.

“पडलात का कुठे?”

“नाही हो. रंधा घ्यायला नुसता वळलो.”

ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. तीस वर्षं उभ्यानं काम करून गुडघा कामातून गेला, तेव्हा मुलीनंच हट्ट धरला होता, करायचं तर रोबोटचंच, त्यात केसाचाही फरक पडत नाही. ते ऐकून तो लगेच तयार झाला होता.

“हाड नेमकं कुठे आहे ते रोबोटला कळावं म्हणून ऑपरेशनपुरत्या पिना बसवतो,” डॉक्टर म्हणाले. “काढल्यावर भोकं राहतात. बहुतेकांची भरून येतात. क्वचित एखाद्याचं हाड तिथेच मोडतं.”

सुतारानं मान हलवली. भोकापाशी लाकूड चिरतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. राग यायला हवा होता. आला नाही. तो पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत राहिला.

डॉक्टर गेल्यावर खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली मुलगी म्हणाली, “फॉर्मवर लिहिलं होतं, बाबा. मी न वाचताच तुमच्यापुढे केला.”

“सही माझीच आहे ना?”

“रागवा तरी!”

“पाणी दे थोडं.”

मांडीत धातूची पट्टी आणि आठ स्क्रू बसले. “निम्मं हार्डवेअरचं दुकान पायातच आहे आता,” बायको म्हणाली. कुणी हसलं नाही, तीही नाही.

चार महिन्यांनी तो काठी टेकत कारखान्यात गेला. हाड जुळलं होतं, पण पाव तास उभं राहिलं की पाय थरथरायचा. कामाचं टेबल उभ्यानं काम करण्याच्या उंचीचं. त्यानं स्टूल ओढलं, बसून हात पुढे करून बघितला. मग टेबलाच्या चारही पायांवर पेन्सिलीनं खूण केली.

“कुणाला बोलावू का?” मुलीनं विचारलं.

“कशाला? आडवं कर आणि घट्ट धर.”

तो बसल्याबसल्या करवत ओढत राहिला. वीतवीतभराचे चार तुकडे खाली पडले. मुलीनं टेबल उभं केलं. त्यानं एकेक कोपरा तळहातानं दाबून बघितला.

डगमगत नव्हतं.