लाल दिवा लागलेला असताना

आमच्या वृत्तवाहिनीचा एक नियम आहे: स्टुडिओवरचा लाल दिवा लागला की दार उघडायचं नाही. आग लागली तरी! आणि पडद्याखाली पळणारी बातमीची पट्टी काढायची तर फक्त संपादकसाहेबांच्या हुकमाने. त्या दुपारी साहेब आत चर्चेला बसले होते, दिवा लागलेला.

पट्ट्या मी तपासते. जेवून वर आले तर कुणीतरी घाईत एक सोडलेली: 'शाळेच्या व्हॅनचालकावर विनयभंगाचा गुन्हा'. पुढे दादाचं नाव, गाडीचा नंबर. माझा सख्खा भाऊ! अहो, नियमभंग होता तो. गाडीत जादा पोरं कोंबली म्हणून. सकाळी वहिनीने सांगितलं तेव्हा मीच त्याला चार शिव्या हासडल्या होत्या.

फोन लावला. "दादा, गाडी सोड आणि पळ."

"वेडी का तू? पोरं आहेत आत. सोडतो घरी एकेकाला, मग..."

फोनमध्ये काच फुटल्याचा आवाज आला. पोरं किंचाळली. "ओढा भडव्याला बाहेर!" कुणीतरी ओरडलं.

"अहो, तुमचीच पोरगी मागे बसलीय," दादा विनवत होता, "काचा लागतील तिला!" मग नुसते दांडके. फोन चालूच होता.

"पट्टी काढ!" मी मशीनवरच्या माणसाला म्हटलं.

"ताई, दिवा विझू दे."

"दिवा गेला खड्ड्यात!"

आग विझवायचा सिलिंडर भिंतीवरून उपसला आणि दाराच्या काचेवर घातला. फुटेपर्यंत घालत राहिले. आत हात घालून कडी काढली, हात कोपरापर्यंत फाटला. साहेब अंगावर धावून आले. तोच सिलिंडर त्यांच्या छातीत हाणला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग कॅमेऱ्यापुढे बोंबलले, "त्याने कुणाला हात लावला नाही! जादा पोरं बसवली, एवढंच! मारू नका हो त्याला!"

पट्टी वाचून ते घराबाहेर पडले होते; आता रस्त्यावर टीव्ही कोण बघत होतं? दादा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मला न्यायला आलेली पोलीसबाई. समोरच्या टीव्हीवर मीच होते, रक्ताने माखलेली. खाली पट्टी: 'महिला कर्मचाऱ्याचा स्टुडिओत हल्ला, संपादक जखमी'.

वहिनी बराच वेळ ती वाचत होती.

"आता तरी नीट लिहिलंय का गं?"

"हो," मी म्हटलं. "यात काही चूक नाही."

ती उठली आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली.