वाटबसल्या दुभाषीचा हेडफोन

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या उजव्या कानावरची मऊ गादी झिजून तिचा भुगा झाला आहे. डोक्यावरच्या पट्टीला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी लावलेली आहे आणि तोंडापुढे येणारा माईकचा दांडा जरा वाकडाच बसतो. मला बघून कुणी म्हणणार नाही की मी नऊ गावांचं पाणी पाहिलं आहे. पण पाहिलं आहे खरं. तेही गाणी ऐकवत नाही, काम करत. त्या कामाची आणि ते करणाऱ्या माझ्या ताईची हकिकत तुम्हाला सांगावी असं फार दिवस मनात होतं, मित्रांनो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे शेवटच्या टेबलावर निळी टोपी घातलेली एक बाई बसायची. ती प्रत्येक हेडफोन डोक्यावर चढवून माईकमध्ये एक ते दहा आकडे म्हणायची. सहा-सात म्हणताना 'स' ची शिट्टी वाजली, की तो हेडफोन बाजूच्या खोक्यात जाई. माझी शिट्टी वाजली नाही. तिने माझी वायर गुंडाळली, मला पिशवीत घातलं आणि पुढचा हेडफोन उचलला. एवढीच आमची ओळख, पण तिचा आवाज मला अजून आठवतो.

तिथून मी एका मोठ्या दालनात आलो. काचेच्या छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक खुर्ची, एक संगणक आणि एक हेडफोन. तिथे माणसं दुभाष्याचं काम करत. मला मिळाली ती ताई. तिला तिथे सगळेच ताई म्हणत, अगदी तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

दुभाष्याचं काम तुम्हाला ठाऊक आहे का? आपली भाषा बोलणारं एखादं माणूस परमुलखात आजारी पडतं. डॉक्टरांचं त्याला कळत नाही आणि त्याचं डॉक्टरांना कळत नाही. मग दवाखान्यातून फोन येतो आणि ताई दोघांच्या मधे उभी राहते. या कामाचा नियम मोठा कडक. आपलं काही घालायचं नाही आणि त्यांचं काही गाळायचं नाही. पेशंट म्हणाला, "माझ्या छातीत दुखतंय," की ताईसुद्धा डॉक्टरांच्या भाषेत म्हणणार, "माझ्या छातीत दुखतंय." एका सकाळी ती सत्तर वर्षांची आजी व्हायची, मग पाय मोडलेला गवंडी, मग पहिलटकरीण. इतक्या जणांचं 'मी' तिच्या तोंडून माझ्या माईकमध्ये आलं, पण तिचं स्वतःचं एक अक्षरही त्यात कधी मिसळलं नाही.

चार वर्षांनी ते दालन बंद झालं. मालकांनी सांगितलं, "हेडफोन घेऊन जा. काम तेच, वेळ तीच. बसा कुठेही, फक्त दार बंद हवं आणि लाइन पक्की हवी."

'बसा कुठेही' हे शब्द ताईने घरी आईला सांगितले. आई बस स्थानकाच्या तिकीट खिडकीवर एकतीस वर्षं बसून नुकतीच निवृत्त झाली होती. भाजी निवडता निवडता ती थांबली.

"कुठेही म्हणजे कुठेही?"

"हो गं."

"मला ना, इथून सुटणारी प्रत्येक गाडी पाठ आहे. ती पोचते कुठे, ते मात्र एकदाही बघितलं नाही."

ताईने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "चल, बघून येऊ."

मामा मात्र खवळला. "नोकरी म्हणजे काय सहल आहे का? आज इथे, उद्या तिथे! दवाखान्यातली माणसं मरणाच्या दारात, आणि तुम्ही दोघी समुद्र बघत बसणार?"

आई शांतपणे म्हणाली, "समुद्र सुट्टीच्या दिवशी बघू रे. तो कुठे पळून जातोय?"

अशी आम्ही तिघं निघालो. आईने एका पुठ्ठ्यावर वेळापत्रक आखलं. दवाखान्याचं घड्याळ एका रकान्यात, आपलं दुसऱ्यात. ज्या गावी ताईची कामाची पाळी दिवसाउजेडी पडेल, तेच गाव निवडायचं. प्रवास फक्त सुट्टीच्या दिवशी. नव्या खोलीत शिरल्यावर ताई खिडकीतून काय दिसतं ते बघायची नाही. आधी दार लागतं का, लाइन पक्की आहे का आणि बाहेरचा आवाज आत किती येतो ते तपासायची. काही ठिकाणी तर ती चक्क कपड्यांच्या कपाटात स्टूल टाकून बसायची. डोक्यावर हँगर लोंबताहेत, अंगावर कुणाचा तरी विसरलेला कोट येतोय, आणि ताई गंभीर आवाजात रक्तदाबाच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगते आहे! आई दाराबाहेर खुर्ची टाकून पहारा द्यायची. पेशंटचं बोलणं कुणाच्याच कानावर पडता कामा नये, म्हणून ती स्वतःही चार हात लांब बसायची. झाडूवाली आली की म्हणायची, "आत दवाखाना चालू आहे, बाई. नंतर या."

वाटेत आम्हाला असंच काम करणारी आणखी माणसं भेटली. एका लॉजमधल्या जेवणाच्या लांब टेबलावर तर मेळावाच भरला होता. एकजण नकाशांतल्या चुका दुरुस्त करायचा. एक बाई पडद्यावरून मुलांना गणित शिकवायच्या. फळा म्हणून खोलीच्या दारालाच पांढरा कागद चिकटवायच्या. एक आजोबा यंत्रांच्या माहितीपुस्तिका एका भाषेतून दुसरीत आणायचे आणि एकेका स्क्रूच्या नावावरून दिवसभर अडून बसायचे. मला या सगळ्यांचं फार कौतुक वाटे. लोकांना त्यांची भटकंती दिसायची. मला दिसायचं ते वेळेवर उघडणारा त्यांचा संगणक आणि वेळेआधी लागणारं दार. आई म्हणायची, "घरबसल्या काम ऐकलं होतं. हे वाटबसल्या काम दिसतंय!"

पण या वाटचालीत माझी हेळसांडही झाली, मित्रांनो. रोज काम संपलं की मला पिशवीत कोंबलं जाई. वायर प्रत्येक वेळी एकाच जागी दुमडायची. हळूहळू त्या दुमडीशी आतली तार तुटत आली. ताईच्या ते लक्षात आलं नाही, आणि मला सांगता येईना.

सहाव्या गावी आम्ही एका शिवणकामाच्या कारखान्याच्या वर खोली घेतली होती. खाली सात मशिनी होत्या, पण दार लावलं की त्यांची घरघर पुसट होई. जेवणाच्या सुट्टीत त्या बंद असत. एके दिवशी नेमका त्याच वेळी फोन आला. दवाखान्यातून फोनवर सल्ला देणारी नर्स होती, आणि दुसरीकडे एक बाप.

"माझ्या मुलीनं औषध प्यायलंय! चार वर्षांची आहे हो!"

ताईने ते जसंच्या तसं नर्सला सांगितलं. नर्सने शांतपणे विचारलं, "कोणतं औषध? खोकल्याचं का? किती प्यायली?"

"बाटलीतलं. पांढरं. एक घोट... दोन घोट असतील."

नर्स लिहून घेऊ लागली. "बरं, तिला झोप येते आहे का?"

इथे ताई थांबली. आवाजावरून माणूस ओळखायची तिला सवय होती. खोकल्याच्या औषधासाठी बाप असा कापऱ्या आवाजात बोलत नाही. ती नर्सला म्हणाली, "माफ करा, हे दुभाषी म्हणून मी बोलते आहे. आमच्या भाषेत झाडांवर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. मी विचारू का?"

"विचारा. लगेच!"

"दादा, औषध म्हणजे पिण्याचं की फवारायचं?"

"फवारायचं हो! मी माळी आहे. उरलेलं सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. माझीच चूक झाली! तिच्या घशात बोट घालून ओकारी काढतोय, पण येतच नाही—"

नर्सचा आवाज क्षणात बदलला. "बोट काढा आधी! ओकारी काढायची नाही. रुग्णवाहिका पाठवते आहे. तिचे कपडे काढा, तोंड आणि अंग पाण्याने धुवा, कुशीवर ठेवा."

आणि नेमकी त्याच वेळी माझी तार दगा द्यायला लागली. ताईचा शब्द जायचा, पुढचा अडकायचा. "काय? काय म्हणालात? ऐकू येत नाही!" बाप ओरडत होता. अडीअडचणीला ठेवलेला साधा हेडफोन खोलीच्या पलीकडच्या टोकाला, पिशवीत. उठून आणायचा तर मधली मिनिटं वाया. ताईने वायर चाचपली, दुमड सापडली, आणि ती दोन बोटांच्या चिमटीत गच्च धरून दुसऱ्या हाताने वायर ताठ ठेवली. आवाज पुन्हा सुरू झाला. बोट केसभर हललं तरी तो तुटत होता, म्हणून ती पुतळ्यासारखी बसून राहिली.

तेवढ्यात खालच्या सातही मशिनी एकदम सुरू झाल्या. फरशी थरथरली, चिमटी हलली आणि आवाज पुन्हा तुटू लागला. ताईचे दोन्ही हात अडकलेले, तोंड अडकलेलं. तिने पाय लांब करून दारावर तीनदा टाच आपटली.

पुढचं आईने नंतर सांगितलं. ती चपला न घालताच खाली धावली होती.

"मास्तर, मशिनी थांबवा!"

कारखान्याचे शिंपी मास्तर चकित झाले. "का हो? काय झालं?"

"ते मला माहीत नाही. पण माझी लेक उगाच दार ठोठावणारी नाही."

मास्तरांनी एकदा आईच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि हात वर केला. सातही मशिनी थांबल्या. इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. बायका हातातलं कापड तसंच धरून बसल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही.

वर आम्ही कानात प्राण आणून ऐकत होतो. नर्स म्हणाली, श्वास मोजा. ताई म्हणाली, श्वास मोजा. बाप मोजू लागला. आकडे चुकले की नर्सचं 'घाबरू नका, पुन्हा मोजा' ताई त्याच्या भाषेत हळूच सांगायची. शेवटी फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला, अनोळखी पावलं आली, आणि नर्स म्हणाली, "आमची माणसं पोचली. बाटली त्यांच्याकडे द्या." मग लाइन बंद झाली. एकूण एकोणीस मिनिटं झाली होती. ताईने चिमटी सोडली तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती आणि वाकत नव्हती.

ती दार उघडून बाहेर आली. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि खाली मशिनी अजून बंदच होत्या. मास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून विचारत होते, "करू का सुरू?"

या कामाचं एक दुःख आहे, मित्रांनो. फोन बंद झाला की पुढे काय झालं ते दुभाष्याला कधीच कळत नाही. ताईने त्या संध्याकाळी मला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "ताई, हा टाका आता, नवीन घ्या." ताई म्हणाली, "नवीन घेईनच. पण याला आधी बरा करा." त्याने तार कापून पुन्हा जोडली. ताई दुसऱ्या दिवशी वेळेवर स्टुलावर बसली. पण आठवडाभर ती जेवताना मधेच थांबायची.

सोळाव्या दिवशी, आम्ही त्याच खोलीत असताना, एक फोन आला. पेशंटची जोडणी व्हायच्या आधीच ओळखीचा आवाज आला, "दुभाषी क्रमांक चारशे बारा? त्या दिवशीच्या तुम्हीच ना?"

"हो."

"ती माळ्याची मुलगी काल घरी गेली. चालत गेली. जाताना आमच्या डॉक्टरांचं पेन चोरून घेऊन गेली. हे तुम्हाला सांगते आहे हं, भाषांतर करू नका."

पण सवय ती सवय! ताईच्या तोंडून आपोआप आपल्या भाषेत मोठ्याने निघालं, "मुलगी काल घरी गेली. चालत गेली."

दाराबाहेर खुर्ची करकरली. आईचा आवाज आला, "बरं झालं गं बाई! मी खाली मास्तरांना सांगून येते."

आता ताईकडे नवा हेडफोन आहे. मी पिशवीत असतो, जोडीला. आता माझी वायर सैल गोल गुंडाळलेली असते. ते काम आई स्वतः करते. मित्रांनो, तुम्हीही आमच्या वायरी अशाच गुंडाळा. फवारायचं औषध सरबताच्या बाटलीत चुकूनही ठेवू नका. घरात कुणी बंद दारामागे काम करत असेल तर पावलं हळू टाका. आणि ऐकताना एखादा शब्द अडला, तर न लाजता विचारा, "म्हणजे नक्की काय?"